तेरा किरण

खोपटच्या डेपोत देवरुखची गाडी येईना, म्हणून हेमांगी रांगेत पुढे उभ्या असलेल्या मायलेकींचं बोलणं ऐकू लागली. तशी ती मघापासून ऐकतच होती.

“दुर्बीण आठवडाभर रोखलीत, आणि त्या गॅलेक्सीच्या गाभ्यातून क्ष-किरण आले किती?”

“तेरा.”

“तेरा हजार?”

“नुसते तेरा, आई. भोवती दाट धूळ आहे गं. मऊ किरण तिच्यातच जिरतात, कडक तेवढे बाहेर पडतात.”

“मग आत मऊ असतात हे कशावरून?”

“कडक येतात ना, त्यांच्यावरून.”

“बरं.”

“परवा जर्मनीचं विमान आहे माझं. बाबा काही बोलले?”

“चकार शब्द नाही.”

तेवढ्यात वडील पाण्याची बाटली घेऊन आले.

“स्वेटर घेतलास? नसशीलच. तिकडे गारठलीस की फोन करून रडायचं नाही, सांगून ठेवतो.”

“चौदा,” लेक आईला हळूच म्हणाली.