सगळ्यांना सात

हॅलो?… हां, बोल. नाही, ऑफिसातच आहे, जिन्यात येऊन बोलतेय. तू आधी बस… अगं, सगळे धडधाकट आहेत! बस म्हटलं की बसावं.

हे बघ, आमच्या संस्थेच्या फायली चोरीला गेल्यात. कॉपी करून नेल्या कुणीतरी… हो, दत्तकाच्याच… हो. तुझ्या बिट्टीचीही.

अगं ऐक ना! सांकेतिक भाषेत कुलूपबंद आहेत. आज कुणाच्या बापाला उघडता येणार नाहीत… मग फोन कशाला केला? कारण ते क्वांटम कॉम्प्युटर येतायत ना, त्यांच्यापुढे ही जुनी कुलुपं टिकायची नाहीत. म्हणून लोक आत्ताच चोरून ठेवतात, उघडायचं पुढे… दहा वर्षं म्हण, पंधरा म्हण, नक्की कुणालाच माहीत नाही… हो, तेव्हा ती वीस-पंचवीसची असेल. मोजलंय मी.

नवी कुलुपं? बसवतोय की, वर्षभर तेच चाललंय… नाही. तिच्या फायलीला नव्हतं बसलं… आता बसवून काय उपयोग? नेलेल्या कॉपीवर जुनंच आहे… कारण यादी होती गं. कुठली माहिती किती वर्षं गुपित राहायला हवी, असा रकाना होता. जास्त वर्षं, त्याला कुलूप आधी… कुणी भरली म्हणजे? मीच.

सात लिहिलं… सात! पहिल्या ओळीत लिहिलं आणि माउसने धरून खालपर्यंत ओढलं. हजेरीपटाला सात, वीजबिलांना सात… हो, तिलाही. अगं, जेवायची सुट्टी झाली होती…

नाही, सबब नाही सांगत. ‘जन्मभर’ लिहायला हवं होतं. लिहिता येत होतं तिथे.

शिव्या दे… हो, आठवतंय. ‘ताई, फाइल तुझ्या ऑफिसात आहे म्हणून मी निर्धास्त आहे.’ शब्दन् शब्द आठवतोय… रडू नकोस गं. ऐक, परक्या कुणाकडून कळण्यापेक्षा तूच सांगून टाक ना तिला, की आम्ही तुला दत्तक… बरं, बरं! नाही शिकवत. तोंडच नाही मला… हॅलो? आहेस ना?

कोण? बिट्टी?… मावशीच गं. नाही, भांडलो नाही… आई रडतेय कारण… माझं चुकलं, बाळा… काय चुकलं? ते… ते तुला आई सांगेल हं… कधी ते तिलाच विचार… नको! आत्ता नको विचारूस! बिट्टी, थांब, आधी मावशीचं ऐक… अगं, फोन ठेवू नकोस… हॅलो?… हॅलो?