पांढऱ्या खाचेचे कार्ड

जबाब
दिनांक २१/०८/२००३

मी शिवगंगा भ्र. महांतेश एकलारे, वय ४३ वर्षे, जात लिंगायत, व्यवसाय घरकाम व पतीच्या भांड्यांच्या दुकानात बसणे, रा. स्टेशन रोड, परळी वैजनाथ, जि. बीड.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी कॉम्प्युटर बसवून द्यायला आलेला पंडित हा इसम मला म्हणाला होता, "आत्ता हलका घ्या काकू, पुढं वाढवता येतो." जबाब या वाक्यापासून सुरू करावा असे मी म्हणाले. लिहून घेणारे जमादार अर्जुनराव यांनी, ह्याचा मुलीशी काय संबंध, असे विचारले. संबंध आहे असे मी सांगितल्यावर त्यांनी लिहून घेतले.

बेपत्ता असलेली मुलगी माझी असून तिचे नाव प्रणिता, वय २० वर्षे, बी. कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. वर्णन : रंग गहूवर्णी, उंची माझ्यापेक्षा चार बोटे जास्त, बांधा सडपातळ, केस लांब, एक वेणी. अंगात मोरपंखी रंगाचा पंजाबी ड्रेस, पायात काळी सँडल. उजव्या अंगठ्याजवळ पत्र्याने कापल्याची बारीक खूण. ही खूण कॉम्प्युटरच्या डब्याचा पत्रा लागून झालेली आहे. भाषा मराठी व हिंदी, घरात थोडी कानडी. बोलताना आधी हसते. हे वर्णनात बसत नाही असे सांगण्यात आले, तरी तिला ओळखायला त्याचाच उपयोग होईल.

कॉम्प्युटर माझ्या मुलासाठी घेतला होता. तो पुढे शिकायला पुण्याला गेला व कॉम्प्युटर घरीच राहिला. प्रणिता त्याच्यावर विमान चालवायचा गेम खेळत असे. ती दुपारी खेळायची, त्या वेळी माझे पती दुकानात असतात. मीही जेवणाची भांडी आवरून तिच्याजवळ बसत असे. मी कधी विमान जवळून पाहिलेले नाही. समुद्र या गेममध्येच पाहिला.

विमान वर चांगले चालायचे, समुद्रावर तेवढे थोडे अडकायचे. खाली उतरवायला लागले, की घरे आणि रस्ते दिसू लागायचे आणि चित्र अडकायचे. अडकून सुटेपर्यंत विमान आपटलेले असायचे. माझ्या पतींनी एकदा मागे उभे राहून ते पाहिले आणि म्हणाले, "बरं झालं न्हाई उतरत ते. परळीत उतरवनार कुठं? थर्मलच्या राखेच्या तळ्यावर?" त्या दिवशी आम्ही तिघेही हसलो होतो.

दिवाळीनंतर तिचे लग्न ठरलेले आहे. स्थळ लातूरचे आहे, साखरपुडा झाला आहे. तिचा लग्नाला विरोध होता का, असे मला विचारण्यात आले. तिने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. मला एवढेच म्हणाली की, जायच्या आधी एकदा तरी विमान नीट उतरवून दाखवते तुला.

त्यासाठी कॉम्प्युटर वाढवायचे ठरले. हाताशी जे पैसे होते त्यात सगळे बसत नव्हते. काय घ्यायचे आणि काय सोडायचे यावर आम्ही दोघी पुष्कळ दिवस बोलत होतो. मला कळावे म्हणून तिने सांगितले की, प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई आणि रॅम म्हणजे ओटा. बाई कितीही चपळ असली तरी ओटा वीतभर असेल तर ती काय करणार. आपल्या कॉम्प्युटरमध्ये चित्र काढायला वेगळे माणूसच नाही, स्वयंपाकवालीलाच मध्येच उठून दारात रांगोळी काढावी लागते, म्हणून सगळे अडकते. मी विचारले, मग दुसरी चपळ बाई आणू या का? ती म्हणाली, "नको आई, बाई हाय तीच चांगली हाय. तिला ओटा मोठा करून देऊ आणि रांगोळीला दुसरी लावू." त्यावरून नवा प्रोसेसर सोडला. रॅम आणि चित्राचे कार्ड घ्यायचे ठरले.

रॅम पंडितकडे जुना मिळाला व तो बसला. समुद्रावरचे अडकणे थांबले. उतरतानाचे तसेच राहिले.

माझा धाकटा भाऊ उत्तरेश्वर, व्यवसाय भांड्यांचा व्यापार, हा प्रणिताच्या लग्नाची भांडी आणायला सिकंदराबादला जाणार होता. प्रणिताने त्याला चिठ्ठी लिहून दिली. कॉम्प्युटरमध्ये कार्ड बसवायला पांढऱ्या रंगाच्या खाचा असतात, त्या खाचेत बसणारे पीसीआय जातीचेच कार्ड आणावे, असे तिने त्याला दोनदा सांगितले. उत्तरेश्वरने दुकानात चिठ्ठी दाखवली. दुकानदाराने दोन कार्डे पुढे ठेवली आणि म्हणाला, ये नवा है सेठ, उत्तेच पैसों में. भावाने दोन्ही हातांवर दोन कार्डे घेऊन वजन पाहिले. आमच्या धंद्यात माल हातावर तोलूनच पारखतात, जड ते चांगले. एक पातळ होते. दुसऱ्यावर पंखा होता आणि ते भरदार होते. त्याने भरदार आणले.

कार्ड दिले तेव्हा मी हजर होते. प्रणिताने खोका उघडला आणि कार्डाची खालची सोनेरी कड पाहिली. भाऊ म्हणाला, "जड हाय बघ. भांड्याचा माणूस हाय मी, मला फशिवता येत न्हाई." ती हसली आणि म्हणाली, "लई भारी हाय मामा." तिने त्याला चहा करून दिला. तो गेल्यावर ती कार्ड मांडीवर घेऊन बसली. मी विचारले नाही. तिची मान पाहूनच मला समजले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पंडितच्या दुकानात गेलो. त्याने कार्ड पाहिले आणि म्हणाला, "ह्याला आपल्या बोर्डात बसायला जागाच न्हाई." हे कार्ड दुसऱ्या जातीचे असून त्याची खाच वेगळी असते, स्वस्तातल्या बोर्डात कंपनी ती देतच नाही, असे त्याने सांगितले. पुढे वाढवता येते असे तूच म्हणाला होतास, असे मी म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "रॅमचं म्हणलो होतो काकू. समदं वाढतंय असं कुठं म्हणलो?" तो हे हसून म्हणाला. वाईट हेतूने नाही. पंडितवर माझा संशय नाही. प्रणिता गेली त्या दिवशी आणि त्यानंतरही तो त्याच्या दुकानात होता, हे मी स्वतः पाहिले आहे. माझे पती त्याच्याविषयी जे सांगतात ते रागाने सांगतात.

बिलावर, आठ दिवसांच्या आत बदलून मिळेल, असा शिक्का होता. मामाला सांगू या, असे मी म्हणाले. प्रणिता म्हणाली, मामा उद्याच्या उद्या परत जाईल आणि कधी बोलून दाखवणार नाही, त्याचेच तिला वाईट वाटेल. ती स्वतः सकाळच्या गाडीने सिकंदराबादला जाऊन येते म्हणाली. दिनांक १३/०८/२००३ रोजी ती निघाली, तेव्हा मी तिला दोन धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली. कार्डाचा खोका तिने टॉवेलमध्ये गुंडाळून निळ्या पिशवीत ठेवला. पतींना मी सांगितले की, ती चौसाळ्याला माझ्या बहिणीकडे गेली आहे. खरे सांगितले असते तर त्यांनी जाऊ दिले नसते.

त्याच दिवशी संध्याकाळी दुकानातल्या फोनवर तिचा फोन आला. पती वसुलीला गेले होते, फोन मी घेतला. ती म्हणाली, "आई, बदलून दिलं. लई हलकं हाय गं हे, हातात काहीच न्हाई असं वाटायलंय." आता स्टेशनवर जाते, सकाळपर्यंत येते, असे म्हणाली. मागे गाड्यांचे आवाज होते. मी, जेवलीस का, असे विचारले. तेवढ्यात फोन कट झाला. त्यानंतर तिचा फोन नाही व ती परत आलेली नाही.

मी पतींना खरे सांगितले.  ते म्हणाले, "कार्डापायी कुणी राज्याबाहेर जातं का? कशापायी गेलती ते तुला तरी ठाव हाय का?" मला माहीत आहे असे मी म्हणाले, त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. लातूरच्या मंडळींना ती चौसाळ्याला आहे असेच सांगितलेले आहे. पती म्हणतात, आमच्यासाठी ती संपली. परंतु तेव्हापासून ते रात्री घरी झोपत नाहीत, दुकानात फोनजवळ झोपतात.

उत्तरेश्वर सिकंदराबादला जाऊन आला. दुकानदाराला मुलगी आठवत होती. तिने कार्ड त्यांच्या मशीनमध्ये लावून पाहिले, दोनदा धन्यवाद म्हटले आणि स्टेशनचा रस्ता विचारून गेली, असे त्याने सांगितले. दुकान ते स्टेशन चालत जाण्यासारखे आहे. त्या रस्त्यावर आणि दवाखान्यांत भावाने विचारले. त्याला तिथली भाषा येत नाही, हिंदीत विचारले. स्टेशनवरच्या पोलिसांनी, मुलगी परळीची तर परळीत नोंद करा, असे सांगून त्याला परत पाठवले. आल्यावर तो माझ्या समोर बसला आणि म्हणाला, "अक्का, मला सांगायचं तरी होतं. मी काय परका हाय का?" 

ती स्वखुशीने गेली असावी का, याबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. तिची कपड्यांची पेटी मी पाहिली आहे, सगळे जागच्या जागी आहे. जाताना तिने कॉम्प्युटरचा डबा उघडा ठेवला आहे. त्याचे स्क्रू तिने आमटीच्या वाटीत काढून ठेवले आणि वाटीवर ताटली झाकली. पांढरी खाच जुन्या टूथब्रशने झाडून स्वच्छ केलेली आहे. आल्याबरोबर कार्ड बसवायचे म्हणून तिने हे केले. परत यायचे नसते तर तिने स्क्रू झाकून ठेवले नसते. पती तो डबा मिटवून टाका म्हणतात. मी अजून कोणाला हात लावू दिलेला नाही. धूळ बसू नये म्हणून वर धुतलेली ओढणी टाकली आहे.

हे सर्व सांगून झाल्यावर जमादारसाहेबांनी लिहिलेली ओळ मला वाचून दाखवली. ती अशी होती : "सदर मुलगी राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता कोठेतरी निघून गेली आहे." हे खोटे आहे, ती मला सांगून गेली, असे मी म्हणाले. ते म्हणाले, "ताई, सांगून गेली म्हणलं की ती हरवली कुठून? तिकडून. मग ठाणं बी तिकडचं अन् राज्य बी तिकडचं. हितं नोंद घ्यायची तर ही ओळ लागतीच. समदे हीच लिहितेत." मी म्हणाले, तिकडचे तर इकडे पाठवतात. ते म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. एक ओळ हाय, लिहू द्या. पोरीचा तपास तरी सुरू होईल." ते वाईट बोलले नाहीत. त्यांनी मला पाणी दिले. त्यांचा मुलगाही मोबाईलवर सापाचा गेम खेळतो, पण त्यासाठी तो शेजारच्या गल्लीतही जात नाही, असे म्हणाले. हसवण्यासाठी म्हणाले असावेत.

मी थोडा वेळ बाहेर बाकावर बसून आले. ती ओळ लिहिली तर कागद पुढे जाईल हे मला समजते. पण मग तिला पंडितच्या दुकानात शोधतील, कॉलेजातल्या मुलांकडे, अंबाजोगाईच्या लॉजवर शोधतील. त्या दुकानापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यावर कोणी शोधणार नाही, कारण त्या कागदात तो रस्ताच नसेल. आणि ती सापडली, तिने कधी हा कागद वाचला, तर आईने असे लिहून दिले हे तिला दिसेल. मी ती ओळ खोडायला सांगितली. जमादारसाहेबांनी खोडून बाजूला माझी सही घेतली. अशा जबाबावर आपल्याला काही करता येईल असे वाटत नाही, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे.

वरील मजकूर मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे असून खोडलेली ओळ माझी नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. नियमात बसत नाही हे ऐकूनही माझी एवढीच विनंती आहे की, प्रणिता मला सांगून गेली असे लिहूनच तिचा शोध घ्यावा.

समक्ष सही
शिवगंगा म. एकलारे