सांध्यातला खळगा

(सुरतजवळच्या भेस्तानमधलं घर, सकाळचे आठ. सुभद्राबाई कापसाच्या वाती वळत बसल्यात. मुलगा चेतन, तिचा ‘भाऊ’, बुलेट ट्रेनच्या रुळांच्या कामावर रात्रपाळी करून आलाय.)

सुभद्राबाई : सहाला सुटते ना तुझी पाळी? दोनदा चहा उकळला मी.

चेतन : थांबलो होतो. परवा जोडलेला एक सांधा पुन्हा मोजला. खळगा निघाला. केसाएवढा.

सुभद्राबाई : केसासाठी दोन तास?

चेतन : आई, आपल्या अमळनेरच्या गाडीला खडखड चालते. ही ताशी तीनशेच्या वर पळणार. तू एक वात वळतेस ना, तेवढ्यात अर्धा किलोमीटर पार. म्हणून तर खाली खडी नाही, काँक्रीटचे पाट. आणि रूळ जोडून अखंड केलेले. त्यात खळगा राहिला की प्रत्येक चाक तिथंच आपटणार, हातोड्यासारखं. रोज. तो वाढतच जातो.

सुभद्राबाई : कोणी ठेवला?

चेतन : मीच. सांधा गरम असताना सपाटी बघायची पट्टी लावली. गरम लोखंड फुगलेलं, सपाट दिसलं. सही करून मोकळा झालो. निवल्यावर बसलं ते.

सुभद्राबाई : मग घास की.

चेतन : उंचवटा घासता येतो गं. खळगा कापूनच काढावा लागतो, नवा तुकडा घालून.

सुभद्राबाई : साहेब काय म्हणाला?

चेतन : त्याला अजून सांगितलं नाही. जोडीदाराला दाखवलं, बन्सीलालला. म्हणतो, "चालशे, चेतनभाई. सही झाली ना?"

सुभद्राबाई : मग चालू दे.

चेतन : तू म्हणतेस हे?

सुभद्राबाई : मीच म्हणते. उद्याची गाडी आहे, भाऊ. लाख वाती वळल्या, बोटांची सालं गेली. उद्यापनाला पाटावर मुलगा लागतो. गावी भटजींना सांगून ठेवलंय. तू तोंड उघडलंस तर रजा राहील?

चेतन : नाही राहणार.

सुभद्राबाई : मग.

चेतन : हा कापूस कसला? शेवटची जुडी काल बांधली होतीस ना?

सुभद्राबाई : उसकली. पुन्हा वळतेय.

चेतन : का?

सुभद्राबाई : वळताना डुलकी लागली होती. हात चालत होते, देवाचं नाम थांबलं होतं. किती वातींना थांबलं, काय ठाऊक.

चेतन : वाती तर सारख्याच दिसतात.

सुभद्राबाई : दिसतात.

चेतन : मग राहू द्यायची. चालशे.

सुभद्राबाई : ...रात्रपाळी झाली की फार बोलतोस तू.

चेतन : आई, चिडलीस?

सुभद्राबाई : नाही रे. दमले. भटजींना फोन लावून दे, पुढच्या पौर्णिमेचं विचारते. आधी चहा पी, मग जा साहेबाकडे.

चेतन : येतो.

सुभद्राबाई : आणि भाऊ, आता तरी सांधा निवू दे. मग लाव पट्टी.