फेंडरचा शेवटचा बोल्ट

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पण मेकॅनिक बोलवायचा नाही हे मी गाडी घेतानाच ठरवलं होतं. अर्विंगच्या आमच्या गॅरेजमध्ये ती एकोणसत्तर सालची मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी. बंपर, ग्रिल, बॉनेट सगळं मीच उतरवलं. उरला डावा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा. दिसले ते सगळे बोल्ट काढले, तरी तीन दिवस तो हलेना. चौथ्या दिवशी मी पहार घेतली. पत्रा मूळचा, वाकला असता तर तसा दुसरा मिळणं मुश्किल. पण आता एक तर तो राहील, नाहीतर मी.

तेवढ्यात पुण्याहून आलेली आई म्हणाली, "थांब. आधी गाडीत बसलेला माझा एक फोटो काढ. नंतर काही उरेल असं वाटत नाही."

फेंडरला लागून असलेल्या डाव्या दाराला ओरखडा नको म्हणून मी ते पहिल्याच दिवशी टेप लावून बंद केलं होतं. आईनं टेप सोलला, दार उघडलं आणि बिजागरीपाशी वाकून विचारलं, "हा बोल्ट ठेवायचाय का?"

मी पाना लावला. दोन मिनिटांत फेंडर माझ्या हातात.

"चार दिवस गाडी खोलतोयस," सीटवर नीट बसत आई म्हणाली, "आणि दार उघडलं नाहीस?"