निधीचं अंडं

हल्ली घरी मराठी कानावर पडत नाही, म्हणून चेन्नईत वेलचेरीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या सासू-सुनेचं बोलणं ऐकत बसलो.

"निधीच्या सरकारी शाळेत जेवणात अंडं देतात म्हणे. आजच बाईंना सांग, आमच्यात चालत नाही, केळं द्या."

"आई, डॉक्टरांनी अंडंच सांगितलंय. पोरीचं वजन वाढत नाही."

"भातावर तूप घाल."

"घालतेच. आणि तुमचा मुलगा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ऑम्लेट खातो, ते कसं चालतं?"

"तो बाहेर खातो. माझ्या घरात आणत नाही."

"मग शाळा काय तुमच्या ओट्यावर भरते?"

सासूबाईंनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली.

"खाऊ दे मग. पण तोंड धुऊन घरी ये म्हणावं. बापासारखं वास मारत यायचं नाही."