दादाची दहा नंबरची जर्सी

दादा वारला, तर त्याची दहा नंबरची जर्सी अध्यक्षांच्या भाच्याला कुणी दिली? क्लबात सगळ्यांना विचारलं, जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. तेव्हापासून आम्ही हरतोच आहोत.

परवा मॅच हरल्यावर मी अध्यक्षांना अडवलं. "अण्णा, भाचा पळत का न्हाई?"

"तुला काय कळतंय? फुटबॉलमधी त्याला चाल म्हनत्यात. पोराला राखून ठिवलाय."

"कशाला? निवडनुकीला व्हय?"

पोरं हसली. अण्णा गाडीत बसून गेले.

दादा होता तेव्हापासून संघाच्या जर्स्या आमच्याच घरी धुवायला येतात. बादलीत टाकताना बघितलं, तर सगळ्या चिखलानं भरलेल्या आणि दहा नंबरला घामाचा वाससुद्धा नाही.

सगळ्या धुतल्या, घड्या घालून शेवटी क्लबात नेऊन ठेवल्या. दहा नंबरची तेवढी ही, माझ्या अंगात.