शाळेमागची खोली

शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत शिवणकाम करणारी एक बाई मुलीला घेऊन उभी होती. तिच्या मागे दोघी बोलत होत्या.

“तुम्ही तर केवढ्या लांब राहता!”

“म्हणून तर शाळेमागे खोली घेतली. जवळच्या मुलांना आधी घेतात ना.”

“मग राहायला येणार?”

“त्या खुराड्यात? छे हो! कुलूप लावलंय. नुसता पत्ता हवा होता.”

“बरी रिकामी मिळाली!”

“रिकामी कुठली? कुणी शिवणकामवाली राहायची. दुप्पट भाडं म्हटल्यावर मालकाने काढलं तिला.”

“आई, ती खोली तर आपलीच—” मुलगी म्हणाली.

“गप्प बस.”

खिडकीतल्या कारकुनाने पत्ता विचारला. तिने नव्या घराचा सांगितला.

“लांब पडतं, बाई. आधी जवळच्यांचा हक्क.”

ती वळली आणि मागच्या बाईला म्हणाली, “मोरीकडच्या खिडकीची कडी तुटलीय. नुसत्या कुलपाने भागायचं नाही.”